मित्र गाण्यातून उठून जातात, म्हणून घरीच बैठक करायची आहे

पत्र : मी डोंबिवलीत राहतो. शास्त्रीय गायन मला जिवापाड आवडतं, पण आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये ते ऐकणारा मी एकटाच. गेल्या हिवाळ्यात चौघांना हट्टानं पुण्यातल्या एका मोठ्या महोत्सवाला घेऊन गेलो. तीन वाजता बसलो. पाचपर्यंत दोघं खाण्याच्या स्टॉलवर, सातला उरलेले दोघंही तिकडेच. एकानं तर विचारलं, "हे आऽऽ आऽऽ संपून गाणं कधी सुरू होतं रे?" आता ओळखीतल्या एका तरुण गायिकेला घरी बोलावून बैठक करावी असं डोक्यात आहे. हॉल ११ बाय १८ फुटांचा आहे. पंचवीस-तीस जण बोलावू का? माइक लागेल का? आधी थोडी माहिती सांगू का? जेवण आधी ठेवू की नंतर? आणि ओळखीची असल्यामुळे पैशांचं कसं बोलू?
— एकटा कानसेन, डोंबिवली

उत्तर : मित्र गाण्याला कंटाळले असं तुम्ही धरून चालला आहात. पत्र वाचून आम्हाला तसं वाटत नाही. ते बसून कंटाळले. दुपारी तीन ते रात्री दहा म्हणजे सात तास. एकेका कलाकाराला तासभर किंवा जास्त, मध्ये मंच बदलायला आणि वाद्यं जुळवायला दहा-पंधरा मिनिटं, आणि असे चार-पाच कलाकार. नेहमी जाणाऱ्यांना यातलं काय उभं राहून ऐकायचं, कधी कॉफीला जायचं हे ठाऊक असतं. नवख्याला सगळंच सारखं वाटतं. त्यातून जागा मांडवाच्या शेवटाला. गायक दिसतो तो पडद्यावर, ऐकू येतो तो स्पीकरमधून. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी गवयानं तबलजीकडे टाकलेली नजर, हाताचा इशारा, गाण्यातली एखादी जागा सुरेख जमली म्हणून पेटीवाल्याचं हसणं, नवा माणूस पहिल्यांदा अडकतो तो अशा गोष्टींत. त्या शंभर फुटांवरून दिसत नाहीत, आठ फुटांवरून दिसतात.

तेव्हा घरच्या बैठकीचा विचार अगदी बरोबर आहे. फक्त पंचवीस-तीस हा आकडा सोडा.

हिशेब करून पाहा. हॉल १९८ चौरस फुटांचा. गायिका, तबला, पेटी आणि मागे एक तंबोरा यांना ८ बाय ६ फूट जागा लागते. ती आखूड भिंतीला लावा आणि शक्य असेल तर घराचं दार श्रोत्यांच्या पाठीमागे येईल अशी दिशा निवडा. दार कलाकारांच्या बाजूला असलं की उशिरा येणारा प्रत्येक जण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून आत येतो आणि गाणाऱ्या बाईचं लक्ष हमखास तुटतं. पुढे उरते १२ फूट खोली. मांडी घालून बसलेल्या माणसाला अडीच फूट रुंदी लागते आणि पाय हलवण्याइतकी जागा धरली तर तीन फूट खोली. अकरा फुटांत एका बाजूला वाट सोडून चार माणसं बसतात. अशा तीन रांगा म्हणजे बारा. मागच्या तीन फुटांत भिंतीला लागून चार खुर्च्या. झाले सोळा. अठरापर्यंत ओढता येईल, पण ते दोघं स्वयंपाकघराच्या दारात बसतील आणि तिथून भांड्यांचा आवाज येईल.

खुर्च्या विसरू नका. चाळिशीच्या पुढे मांडी घालून दोन तास बसणं अनेकांना जमत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत, नुसते चुळबुळत राहतात. गुडघा दुखत असताना कोणाच्या डोक्यात राग शिरत नाही. खाली बसणाऱ्यांसाठी सतरंजीवर पातळ गाद्या घाला. नुसत्या सतरंजीवर वीस मिनिटांत घोटे बोलू लागतात. तक्के, उशा जेवढ्या असतील तेवढ्या बाहेर काढा. कलाकारांना ओटा किंवा पाट नको, जाड गादी आणि त्यावर स्वच्छ चादर पुरे. इतक्या कमी अंतरावर उंचीची गरज नसते.

या सोळांत सगळे नवखे नकोत. चार-पाच जण ऐकणारे असू द्या आणि त्यांना एका ठिकाणी बसू देऊ नका, रांगांत विखरून बसवा. दाद कुठे द्यायची हे नवा माणूस शेजारच्याकडून शिकतो, भाषणातून शिकत नाही. शेजारी बसलेल्याची मान समेवर हलली की याचीही पाचव्या-सहाव्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या फेरीत, हलू लागते. मात्र प्रत्येक हरकतीला "क्या बात है" ओरडणारे, मांडीवर चुकीचा ताल धरणारे आणि गायिकेबरोबर गुणगुणणारे काका प्रत्येक ओळखीत एक तरी असतात. त्यांना बोलवायलाच लागलं तर मागची खुर्ची द्या.

आता वेळ. तुमचे मित्र मुंबईतून येणार असतील तर रविवारी मेगाब्लॉक असतो हे आधी लक्षात घ्या. सकाळची बैठक फार सुंदर होते. तोडी, जौनपुरी, अल्हैया बिलावल हे राग आता प्रत्यक्ष ऐकायला मिळतात कुठे, कारण बहुतेक कार्यक्रम संध्याकाळचे. पण नऊ वाजता सुरू करायचं तर कलाकारांना सातला घरून निघावं लागतं आणि गळा तापायला वेळ मिळत नाही. पहिल्या खेपेला शनिवार संध्याकाळच बरी. सहाला या असं सांगा, साडेसहाला सुरू करा, पावणेनऊच्या आत संपवा. लोकांना सहाची वेळ देऊन साडेसहाला सुरू करायचं यात लबाडी नाही. अर्धा तास चहा, ओळखी आणि तंबोरा लावणं यात जातो आणि तो जायलाच हवा.

तंबोरा लावताना मित्रांना तिथेच बसू द्या. आतल्या खोलीत जुळवून आणण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. मधल्या दोन तारा षड्जाच्या म्हणजे 'सा'च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या 'सा'ची, पहिली बहुधा पंचमाची म्हणजे 'प'ची. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तीच तार एकदम गुंजायला लागते, तिला जवारी खुलली म्हणतात. हे पाच मिनिटं समोर पाहिलेला माणूस पुढचे दोन तास तंबोरा ऐकतो. एरवी तो त्याला पंख्यासारखा पार्श्वभूमीचा आवाज वाटतो.

पंख्यावरून सांगायचं राहतं ते सांगून टाकतो, कारण बहुतेक घरगुती बैठका इथेच फसतात. कलाकारांच्या डोक्यावरचा पंखा बंद हवा. वाऱ्यानं तारांचा सूर हलतो, गायिकेचा घसा कोरडा पडतो, आणि पात्यांमुळे आवाज कापल्यासारखा ऐकू येतो. एसी असेल तर बैठकीच्या तासभर आधी २५-२६ अंशांवर लावा आणि मग कुणी कितीही "जरा वाढव ना" म्हटलं तरी हात लावू नका. खोलीचं तापमान आणि दमटपणा बदलला की तंबोऱ्याच्या तारा आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, दोन्ही बदलतात. दमट हवेत पुडी सैल पडून स्वर उतरतो, कोरड्या हवेत ताणून चढतो. मग तबलजी दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत बसतो आणि नवख्या श्रोत्यांना वाटतं, वाद्यच बिघडलंय. वाद्यं सुरू होण्याच्या किमान पाऊण तास आधी त्याच खोलीत उघडून ठेवली की हे निम्म्यानं कमी होतं. पावसाळ्यात बैठक ठेवू नका असं आम्ही म्हणणार नाही, पण पहिली बैठक पावसाळ्यात नको.

फ्रीज बंद करा. रोज ऐकून तुम्हाला त्याची घरघर ऐकू येत नाही, पण षड्जाच्या खाली ती सतत चालू असते आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, आलापीत विरामांच्या जागी नेमकी कानावर येते. दोन-अडीच तासांत आतलं काही बिघडत नाही. परत सुरू करायची चिठ्ठी मात्र मुख्य दाराला आतून चिकटवा, फ्रीजवर लावलेली चिठ्ठी कोणी वाचत नाही. दाराची बेल काढा किंवा दार ओढून घेऊन एकाला दाराशी बसवा. इमारतीचा पाण्याचा पंप कधी चालतो ते वॉचमनला विचारा. उदबत्ती, धूप काही लावू नका. वातावरणनिर्मिती म्हणून लोक हमखास लावतात आणि पहिल्याच खर्जाच्या सुरात गायिका खोकते. स्वयंपाकघरात फोडणीही त्या वेळी नको, मिरचीचा ठसका बंद दारातून येतो.

माइक नको. दोनशे चौरस फुटांत, सोळा माणसांपुढे, शिकलेला गळा आरामात पोचतो. माइक आला की स्पीकर आला, स्पीकर आला की शिट्टी, आणि मग तबलजीलाही माइक हवा होतो. भिंती उघड्या आणि फरशी गुळगुळीत असेल तर आवाज घुमतो. जाड पडदे ओढून घ्या, पुस्तकांचं कपाट झाकू नका, सतरंज्या अंथरा. माणसं बसली की उरलेली घूम तीच शोषून घेतात. तबला खोलीत जरा जास्त वाटला तर तसं तबलजीला चहाच्या वेळी सांगा, तो हात आवरता घेतो. वरच्या आणि शेजारच्या घरात आठवडाभर आधी सांगून ठेवा, जमलं तर त्यातल्या एकाला बोलवाच. लाउडस्पीकर नसल्यामुळे रात्री दहाच्या नियमाचा प्रश्न येत नाही, पण शेजाऱ्यांशी वाद नियमावरून होत नसतो.

खरा तंबोरा आणि तो धरणारं कुणी मिळालं नाही तर फोनवरचा तंबोरा चालेल. नामवंतांच्या मैफलीतही आता यंत्र दिसतं. लहान स्पीकर गायिकेच्या मागे, जमिनीवर, आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच. आणि तो फोन एअरप्लेन मोडवर टाका. बड्या ख्यालाच्या, म्हणजे संथ लयीतल्या मुख्य गाण्याच्या, मध्यावर तंबोरा थांबून रिंगटोन वाजली की झालेलं नुकसान पुन्हा भरून निघत नाही. दुसरा फोन हाताशी, तसाच तयार ठेवा.

आता कलाकारांशी काय बोलायचं ते. गायिकेला दोन आठवडे आधी स्पष्ट सांगा : श्रोते सोळा, त्यातले बारा नवखे, वेळ दोन तास, माइक नाही. तिची पट्टी, म्हणजे ती कोणता सूर 'सा' धरून गाते ते, विचारा. काळी चार की काळी पाच, हे तबलजीला आधी कळायला हवं, कारण एक तबला थोडाच वरखाली होतो आणि त्याला त्याप्रमाणे योग्य तबला आणावा लागतो. राग कोणता गायचा हे मात्र तिच्यावर सोडा. फर्माईश असेल तर ती याच वेळी करा, इच्छा म्हणून. बैठकीत समोर बसून "ते अमुक गा ना" म्हटलं की कलाकार नाही म्हणू शकत नाही आणि मनातून उतरतो.

रागाबद्दल आमचं मत विचारलंत तर साडेसहाच्या सुमारास पूरिया धनाश्री किंवा अंधार पडल्यावर यमन. मारवा टाळलेला बरा. त्यात पंचम नाही, षड्जावर राग फारसा टेकत नाही, कोमल रिषभाचं ते अधांतरी वाटणं कान तयार झाल्यावरच भुरळ घालतं. यमनाचं चलन मात्र मराठी माणसाच्या कानात भावगीतांतून, नाट्यपदांतून कधीचंच मुरलेलं असतं. नाव माहीत नसलं तरी घर ओळखीचं वाटतं.

आणि क्रम उलटा करू नका. अनेक जण हौसेनं ठरवतात की आधी अभंग, नाट्यगीत असं सोपं घेऊ आणि मग जड ख्याल. हे हमखास फसतं. केरव्याची, दादऱ्याची चाल कानात बसली की त्यानंतरचा विलंबित एकताल थांबल्यासारखा वाटतो. उलट संथपासून वेगाकडे गेलं की प्रत्येक पायरीला मजा वाढते. बडा ख्याल तीस ते पस्तीस मिनिटं, लगेच त्याच रागात दहा मिनिटांचा, जलद लयीतला छोटा ख्याल. मग दुसऱ्या रागात मध्यलयीतली, झपतालातली किंवा तीनतालातली बंदिश वीस मिनिटं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, म्हणजे ते वीसचं होईल. त्यानंतर ठुमरी किंवा नाट्यपद, एक अभंग, भैरवी. मध्यंतरानंतरचा भाग पस्तीस-चाळीस मिनिटांपेक्षा लांबू देऊ नका. लोकांना अजून हवं असताना थांबलेली बैठक पुढच्या वेळी भरते.

बड्या ख्यालाची पहिली दहा मिनिटं हीच खरी कसोटी. तुमच्या मित्रानं विचारलेला "गाणं कधी सुरू होतं" हा प्रश्न तिथलाच आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. त्याला लय सापडत नाही, कारण ती फार संथ आहे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन सहज पाऊण मिनिटाच्या वर जातं. एवढ्या लांब अंतरावर परत येणारी सम कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. तेव्हा रागाचे आरोह-अवरोह, घराणी, वादी-संवादी हे सगळं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट द्या : सम कशी ओळखायची.

एकतालाचा ठेका असा : धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात "तिरकिट" दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटानंतर डग्गा गप्प असतो, "तू ना" नुसतं उजव्या तबल्यावर वाजतं. दुसऱ्या तिरकिटानंतर "धी" येतो तो डग्ग्याच्या घुमाऱ्यासकट. तो आला की दोन मात्रांत सम. त्याच सुमाराला गायिका बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, उचलते आणि दोघं एकत्र पहिल्या "धिं"वर येऊन पडतात. तबलजीला विनंती करा की सुरुवातीला दोन मिनिटं नुसता ठेका मोकळा वाजवून दाखवा, पहिल्यांदा जरा जलद, मग खऱ्या लयीत. आवर्तनं मोजायला लावू नका. "दुसरं तिरकिट ऐकलंत की कान टवकारा" एवढं सांगितलं की पुरे. अर्ध्या तासात अशा तीस-पस्तीस समा येतात. पहिल्या दहा हुकतील, नंतर माणूस खेळात उतरतो आणि गायिका कुठून कुठे जाऊन वेळेत परत कशी येते, याची त्याला उत्सुकता लागते. आलाप म्हणजे "आऽऽ आऽऽ" राहत नाही.

मुखड्याचे शब्द आधी सांगून ठेवणंही उपयोगी. गायिकेला विचारून ते चार-पाच शब्द मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि भिंतीवर लावा. व्रज भाषेतले शब्द ख्यालात लांबवले की भल्याभल्यांना कळत नाहीत, आणि कळत नाही म्हणून लोक आपल्यालाच दोष देत बसतात.

तुमचं प्रास्ताविक तीन मिनिटांचं. गायिका कोण, कोणाकडे शिकली, साथीला कोण. समेची ती एक खूण. मध्येच दाद दिली तरी चालते, टाळ्या मात्र द्रुत, म्हणजे छोटा ख्याल, संपल्यावर. आणि ज्याला उठायचं असेल त्यानं बंदिश संपल्यावर खुशाल उठावं, कोणी वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य जरूर म्हणा. बाहेर पडायची मुभा असली की माणूस निवांत बसतो. परंपरेचं थोर वर्णन करू नका. "हे फार उच्च आहे" असं ऐकलेला माणूस पुढे न आवडल्याचं कबूल करत नाही आणि पुन्हा येतही नाही.

गाणं सुरू झाल्यावर तुमचं काम दाराशी. मित्रांचे चेहरे न्याहाळत बसू नका. आवडत्या माणसांना आवडतं गाणं ऐकवताना ही खोड सगळ्यांना असते : जागा आली की आपण गायिकेकडे न बघता मित्राकडे बघतो. त्याला ते कळतं आणि तो खूश दिसायचं काम करू लागतो. कानात "आता तीव्र मध्यम आला बघ" हेही नको. विचारलं तर मध्यंतरात सांगा.

मध्यंतरात चहा आणि मऊ काहीतरी. इडली, ढोकळा, शिरा. चिवडा, वेफर्स, बाकरवडी नको, कारण मध्यंतर संपलं तरी वाट्या संपत नाहीत आणि भैरवीत कुरकुर ऐकू येते. कलाकारांना कोमट पाणी, हवा तर बिनदुधाचा चहा, तळलेलं आणि गार काही नाही. नेमकं काय हवं ते त्यांनाच विचारा. गायक-गायिका गाण्याआधी बहुधा अगदी थोडं खातात. जेवण सगळ्यांचं नंतर. आधी पोटभर जेवलेले सोळा लोक म्हणजे विलंबितात सोळा जांभया.

आता तुमचा अवघड प्रश्न. ओळख आहे म्हणून मानधन टाळायचं किंवा "तुला ऐकणारे मिळतील" असं सांगायचं, हे करू नका. सोळा माणसांपुढे गायलाही रियाज तेवढाच लागतो आणि साथीदारांचा तर तुमच्या ओळखीशी संबंधच नाही. सरळ फोन करून विचारा, "तुझं आणि साथीदारांचं मिळून किती ठरवू या?" आकडा तिनं सांगू द्या. परवडत नसेल तर आपली मर्यादा सांगा, घासाघीस करू नका. साथीदारांची पाकिटं वेगळी, त्यावर नावं लिहून. येण्या-जाण्याचं वाहन तुमच्याकडून. तबला-डग्गा, पेटी आणि तंबोरा घेऊन लोकलच्या गर्दीत कोणी चढू शकत नाही. पाकिटं जेवणाआधी, आतल्या खोलीत, शांतपणे द्या. सगळ्यांसमोर हार-नारळाबरोबर पैसे देण्याची पद्धत आम्हाला तरी खटकते.

खर्च एकट्यानं उचलायची गरज नाही. समजा मानधन आणि वाहन मिळून २४,००० रुपये झाले, तर सोळा जणांत माणशी १,५०० येतात. आमंत्रणातच तसं लिहा आणि पैसे आदल्या आठवड्यात जमा करा. आलेल्या माणसांपुढे त्याच रात्री डबा फिरवणं वाईट दिसतं. नवख्यांकडून निम्मे घ्या, उरलेले जाणकारांनी वाटून घ्यावेत, असंही करता येतं. पण अगदी फुकट ठेवू नका. फुकट म्हटलं की सोळांतले सहा आयत्या वेळी "अरे, जमत नाहीये" म्हणतात, आणि रिकाम्या गाद्यांपुढे गाणं फार जड जातं.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी विचारा. मिळाली तर एकच फोन, एका जागी, कलाकारांपासून सहा-सात फुटांवर, तबल्याच्या अगदी पुढ्यात नाही. बाकीच्यांचे फोन बंद. उंचावलेल्या फोनमागून ऐकणारा माणूस धड ऐकतही नाही आणि मागच्याला बघूही देत नाही. नंतर त्यातला सहा-सात मिनिटांचा एक तुकडा गायिकेला दाखवून, तिनं होकार दिला तरच ग्रुपवर टाका.

ग्रुपवरून आठवलं. बैठकीआधी "तयारी" म्हणून व्हॉट्सअॅपवर पंधरा दुवे पाठवायचा मोह होईल. कोणी उघडत नाही. एकच पाठवा, तोही तीन मिनिटांचा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर अशा थोरांनी तेवढ्यात रागाचं सगळं रूप उभं करून ठेवलं आहे. आवाज खरखरीत आहे, पण आजच्या माणसाच्या उसंतीत बरोबर बसतो. मैफलीचं तासाभराचं रेकॉर्डिंग नंतर, ज्यानं मागितलं त्याला.

बैठक झाल्यावर त्याच रात्री "कसं वाटलं?" असं एकेकाला विचारू नका आणि पुढची तारीख जाहीर करू नका. चार-पाच दिवस जाऊ द्या. सोळांतल्या तिघांनी आपणहून विचारलं तर बैठक उत्तम झाली असं समजा. त्या तिघांना घेऊन मोठ्या कार्यक्रमाला जा, पण एकाच सत्राला आणि एका कलाकारासाठी. ठाण्यात गायक राम मराठे यांच्या स्मृतीचा महोत्सव होतो, तो तुम्हाला जवळचा. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला. तिथलं वातावरण एकदा अनुभवायलाच हवं, फक्त तीन ते दहा नको. कार्यक्रमपत्रिका बघून हवा तो कलाकार निवडा, त्याच्या अर्धा तास आधी पोचा, बसायला घडीची गादी आणि डिसेंबरच्या रात्रीसाठी शाल न्या, आणि त्याचं गाणं संपलं की मित्रांबरोबर तुम्हीही उठा. पुढच्या कलाकारासाठी थांबायचं असेल तर तसं निघतानाच ठरवून ठेवा, म्हणजे परतीच्या गाडीवरून वाद होणार नाही.